मदत हवी आहे : लेबल प्रिंटर चालू आहे, पण प्रिंट जात नाही (दिंडोरी)

दिंडोरीकर
पॅकहाऊसवरच्या लेबल प्रिंटरला सकाळपासून प्रिंट जात नाहीये. बटण दाबलं की "प्रिंटर सापडला नाही" एवढंच येतं. प्रिंटर चालू, वायफाय चालू. द्राक्षाच्या पेट्या भरून पडल्यात, कंटेनर संध्याकाळी निघायचाय. सॉफ्टवेअरवाला फोन उचलत नाही. लवकर सांगा कुणीतरी.

सिडको_रिपेअर
अँटिव्हायरस काढून टाका. माझ्याकडे येणारे निम्मे पीसी त्यानेच सुटतात.

पंचवटी_नेट
थांबा. कुठल्या बटणाबद्दल बोलताय? वेबसाइटवरचं की पीसीत टाकलेल्या सॉफ्टवेअरमधलं? ब्राउझर कोणता? प्रिंटर यूएसबीवर की नेटवर्कवर?

दिंडोरीकर
क्रोम. वेबसाइटवर लॉगिन करून काढतो लेबलं. प्रिंटर राउटरला जोडलेला आहे. वेगळा अँटिव्हायरस नाहीच.

पंचवटी_नेट
प्रिंटरचा आयपी (नेटवर्कवरचा आकड्यांचा पत्ता) नव्या टॅबमध्ये टाकून बघा.

दिंडोरीकर
१९२.१६८.१.५०. उघडतो. ऑफिसातल्या जुन्या पीसीवरून तर लेबलंही निघतात, पण तो पॅकिंगच्या लाइनपासून लांब आहे.

पंचवटी_नेट
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! म्हणजे प्रिंटर, राउटर, केबल सगळं ठीक. क्रोम १४२ पासून (ऑक्टोबर २०२५) इंटरनेटवरची साइट तुमच्या घरातल्या-ऑफिसातल्या नेटवर्कवरच्या उपकरणाशी बोलायला गेली की क्रोम आधी परवानगी विचारतं. तिथे कुणी 'ब्लॉक' दाबलं की पुन्हा विचारत नाही, साइट गप्प अडते. तुम्ही स्वतः आयपी टाकता तेव्हा ही अडवणूक लागू नाही, म्हणून पान उघडलं. जुन्या पीसीवर बहुधा आधीचं क्रोम असेल.
लेबलच्या पानावर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा, साइट सेटिंग्ज उघडा, 'लोकल नेटवर्क ॲक्सेस' अलाऊ करा, पान रिफ्रेश करा. साइट एचटीटीपीएसवर आहे ना, म्हणजे पत्ता https ने सुरू होतो ना? नसेल तर परवानगी मागितलीच जाणार नाही.

गंगापूररोड_देव
एवढं कशाला? क्रोम फ्लॅग्जमध्ये (क्रोमच्या प्रायोगिक सेटिंग्जमध्ये) ही तपासणीच डिसेबल करा. आमच्या क्लायंटकडे मी तेच करतो.

पंचवटी_नेट
कृपया करू नका. मग त्या पीसीवर उघडलेली कुठलीही साइट तुमच्या राउटरचे दार ठोठावू शकते, आणि राउटरचा पासवर्ड बहुतेकांनी बदललेला नसतो. एका साइटसाठी हवं ते एकाच साइटला द्या.

गंगापूररोड_देव
कंटेनर उभा असताना माणूस पासवर्डची चर्चा करत बसणार का? आधी काम चालू होऊ द्या, संध्याकाळी परत एनेबल करा.

पंचवटी_नेट
संध्याकाळी कुणी एनेबल करत नाही, तुम्हालाही माहीत आहे. आणि साइटला परवानगी द्यायला तेवढाच वेळ लागतो.

दिंडोरीकर
एचटीटीपीएस आहे. पण त्या यादीत लोकल नेटवर्क असं काही दिसतच नाही. लेबलचं पान सॉफ्टवेअरवाल्याच्या मोठ्या पोर्टलच्या आत चौकटीत उघडतं, त्याचा संबंध आहे का?

पंचवटी_नेट
आहे! आतल्या चौकटीला ती परवानगी बाहेरच्या पानाने पुढे द्यावी लागते. त्यांनी कोडमध्ये ते केलेलं नसणार. सध्या चौकटीवर राइट क्लिक करून 'व्ह्यू फ्रेम सोर्स' घ्या, वर दिसणाऱ्या पत्त्यातलं सुरुवातीचं 'view-source:' काढून तो पत्ता वेगळ्या टॅबमध्ये उघडा आणि तिथून प्रिंट द्या.

दिंडोरीकर
क्रोमने विचारलं! अलाऊ केलं, लेबलं निघतायत. मनापासून आभार. पोर्टलमधूनच चालावं म्हणून सॉफ्टवेअरवाल्याला नेमकं काय लिहू?

सिडको_रिपेअर
तरी एकदा अँटिव्हायरस बघाच.

पंचवटी_नेट
लिहा : आयफ्रेमच्या (म्हणजे त्या चौकटीच्या कोडमधल्या) 'allow' मध्ये 'local-network-access' जोडा. एका ओळीचं काम आहे.