'आम्ही कर चुकवतो' यात हसण्यासारखं काय आहे?

जुळेसोलापूरकर :
आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्याचा दरवर्षी एक छोटा अंक निघतो. यंदाचा विषय 'पुढारी आणि कर', कारण सकाळच्या चहाला रोज तोच राग निघतो. माझ्या वाट्याला एका हिंदी लेखाचं भाषांतर आलं. लेख फ्रान्स-इटलीतल्या मंत्र्यांवर आहे. त्यात चिडलेल्या लोकांच्या तोंडी वाक्य असं : "हम कर चुकाते हैं, वे नहीं चुकाते, फिर भी सज़ा नहीं पाते." रात्री साडेदहाला, डोळ्यांत झोप असताना, मी लिहून मोकळा झालो : "आम्ही कर चुकवतो, ते चुकवत नाहीत, तरी त्यांना शिक्षा होत नाही."

सकाळी वाचून दाखवलं. कट्ट्यावरचे हेडमास्तर म्हणाले, "अहो, ते चुकवत नाहीत तर शिक्षा कशाला व्हायची? तुम्हालाच व्हायला पाहिजे." एकाची कवळी बाहेर यायची राहिली.

'भरतो' हवं, हे कळलं. पण माझी आई महिन्याच्या पहिल्या आठवड्यात "वाण्याचे पैसे चुकवून आले" म्हणायची आणि त्याचा अर्थ 'देऊन आले' असाच असायचा. हेडमास्तर म्हणतात शक्य नाही, मराठीत चुकवणे म्हणजे टाळणे, विषय संपला. माझं आठवणं खोटं आहे का?

मोडीवाचक :
हेडमास्तर बरोबर आहेत. चुकणे, त्याचं प्रयोजक चुकवणे. वार चुकवतो, नजर चुकवतो, शाळा चुकवतो. पैसे देण्यासाठी मराठीत भरणे, फेडणे, देणे, भागवणे, अदा करणे एवढे शब्द असताना हिंदीची भीक कशाला? तुमच्या मातोश्रींच्या बोलण्यात दखनी शिरली असेल. सोलापुरात ते नवल नाही.

कडकभाकरी :
'अदा' कुठल्या गावची हो मोडीकाका? आळंदीची?

आणि "उधारी चुकती केली" हे काय आहे? माझ्या चटणीच्या धंद्यात रोजचं वाक्य आहे ते. चुकती केली म्हणजे दिली. बुडवली नव्हे.

मोडीवाचक :
'चुकता' हे विशेषण आहे, ते व्यापाऱ्यांच्या बोलीतून आलं. क्रियापदाला तो अर्थ नाही. आणि 'अदा' मराठीत तीनशे वर्षं मुरलंय.

कडकभाकरी :
म्हणजे तुम्हाला आवडलं की मुरलं, नाही आवडलं की शिरलं.

नवीपेठ :
आम्ही गुजराती, नवी पेठेत चौथी पिढी. किराणा-भुसार. गुजरातीत चूकववुं म्हणजे देणं, 'चूकवणी' म्हणजे पेमेंट. आजोबांची गोष्ट घरात अजून सांगतात. नवीन मराठी दिवाणजी ठेवले होते. आजोबा त्यांना म्हणाले, "जेणे चूकव्युं एनुं नाम काढी नाख." ज्यांनी पैसे दिले त्यांची नावं खोड, एवढाच अर्थ. दिवाणजींनी त्यांच्या समजुतीप्रमाणे सगळ्या बुडव्यांची नावं खोडली. इमानदार गिऱ्हाइकं वहीत शिल्लक राहिली आणि त्यांच्याकडेच पुन्हा वसुलीला माणूस गेला!

कडकभाकरी :
तुमचे दिवाणजी आज अर्थखात्यात शोभले असते.

अक्कलकोटचा :
कन्नडमधे पण चुक्ता हाय की. 'साल चुक्ता माडु' म्हणजे कर्ज फेड. आमच्या घरी अर्धं कन्नड अर्धं मराठी. "सोसायटीचं चुकता करून येलालाव" असं वडील म्हणलालेत लहानपणापासून. कुणाला कधी शंका आली नाही बे.

यवतमाळची_सून :
आमच्याकडे 'चुकारा' आहे! कापूस, तूर विकल्यावर शेतकऱ्याला जे पैसे मिळतात ते चुकारे. "चुकारे थकले" ही वर्तमानपत्रातली नेहमीची बातमी. लग्न होऊन इकडे आले, पहिल्याच हंगामात सासऱ्यांना विचारलं, "बाबा, उसाचे चुकारे झाले का?" ते म्हणाले, "कोण कामचुकार?" इथे 'बिल' म्हणतात, 'ऊसबिल निघालं का'. म्हणजे चुकारा देणारा आणि कामचुकार, दोघं एकाच शब्दाच्या पोटचे. मोडीवाचककाका, हे क्रियापदाचंच रूप आहे ना? की विदर्भ महाराष्ट्रात नाही?

मोडीवाचक :
प्रादेशिक अर्थ असू शकतात, त्याला कोण नाही म्हणतं. प्रमाण मराठीचा प्रश्न होता.

यवतमाळची_सून :
प्रश्न जुळेसोलापूरकरांच्या आईचा होता.

सनदीहिशेबी :
मधे पडतो. धंद्याने सीए आहे, म्हणजे 'चुकवणे' हा शब्द तोलून वापरावा लागतो. अशिलासमोर आम्ही 'करनियोजन' म्हणतो, कायद्याच्या फटीतून गेला तर 'कर टाळला', खोटं लिहून लपवला तर 'चुकवला'. भरायचं कबूल आहे पण भरत नाही तो 'थकवतो'. थकवतच राहिला तर लोक म्हणतात 'बुडवला'. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८५ च्या मॅकडॉवेल निकालात टाळणं आणि चुकवणं यांतल्या रेषेवरच खल आहे. मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यातलं २७६सी कलम मात्र स्पष्ट होतं : जाणूनबुजून चुकवण्याचा प्रयत्न, रक्कम २५ लाखांच्या वर असेल तर सहा महिने ते सात वर्षं. 'जाणूनबुजून' इथेच सगळी गोम आहे. आणि त्यापुढे, शुल्क भरून गुन्हा मिटवून घ्यायची सोयही कायद्यातच आहे. सामान्य माणसाला हे सांगितलं की तो माझ्याकडेच संशयाने बघतो.

तुमच्या लेखात कोणते मंत्री आहेत, जुळेसोलापूरकर? काहुझाक आहे का?

जुळेसोलापूरकर :
आहे. जेरोम काहुझाक. २०१२ मध्ये फ्रान्सचा अर्थसंकल्प मंत्री, करचुकव्यांना धरायचं कामच त्याच्याकडे. डिसेंबरात बातमी फुटली की याचंच स्वित्झर्लंडमध्ये खातं. संसदेत उभा राहून म्हणाला, नव्हतं आणि नाही. मार्च २०१३ मध्ये राजीनामा, एप्रिलमध्ये कबुली. २०१६ मध्ये तीन वर्षांची शिक्षा, २०१८ मध्ये अपिलात चार वर्षं, पण त्यातली दोन स्थगित. उरलेल्या दोनसाठी कोठडीत न जाता पायात इलेक्ट्रॉनिक कडं. दुसरा इटलीचा माजी पंतप्रधान बर्लुस्कोनी. करघोटाळ्यात चार वर्षं झाली, २०१३ मध्ये वरच्या कोर्टाने कायम केली. जुन्या माफीच्या कायद्याने तीन गेली, उरलेलं एक वर्ष वय सत्तरच्या वर म्हणून वृद्धाश्रमात सेवा. आठवड्यातून एकदा, चार तास. आमच्या कट्ट्यावर हे वाचल्यावर दोघांनी विचारलं, ती शिक्षा आम्हाला मिळेल का, तेवढाच वेळ जाईल.

कडकभाकरी :
सनदीहिशेबींनी 'जाणूनबुजून'वर बोट ठेवलं ते बरं केलं. मला वाटतं खरी गंमत चुकवणे आणि चुकणे यांच्यामधल्या त्या एका 'व'मधे आहे. माझ्यासारखीने घरपट्टी दोन महिने उशिरा भरली तर मी 'चुकवली'. पुढाऱ्याची दहा वर्षांची राहिली तर "भरायची राहून गेली". त्याचं नेहमी आपोआप होतं बघा. फाईल राहते, चेक वटत नाही, मुनीमजींकडून नजरचूक होते. कर्ता कुठेच नाही. ब्रिटनमधला झहावी आठवतोय? २०२२ मध्ये काही आठवडे खुद्द अर्थमंत्री. त्याच काळात त्याच्याच कराची चौकशी चालू. पुढे दंडासकट भरले, आणि सांगितलं काय, तर कर खात्याच्या मते हे निष्काळजीपणाने झालं, मुद्दाम नाही. जानेवारी २०२३ मध्ये तेव्हाचं पक्षाध्यक्षपद गेलं, तेवढंच. म्हणजे साहेबाच्या देशातही तेच. आपण चुकवतो, त्यांचं चुकतं.

नवीपेठ :
👏 ताई, हे अंकात घाला.

मोडीवाचक :
व्याकरणाचा मुद्दा चांगला आहे, कबूल. पण मग शुद्ध शब्द 'करबुडवा' वापरा ना. त्यात पळवाट नाही. बुडवणारा कर्ता ठसठशीत उभा राहतो. 'करचोरी' मात्र नको, ते सरळ हिंदी वृत्तवाहिन्यांचं उष्टं आहे.

अक्कलकोटचा :
काका, जकात होती तेव्हा नाक्यावर सगळे 'जकातचोर'च म्हणायचे की. टीव्ही यायच्या आधीपासून.

वसुलीलिपिक :
मी जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत वसुलीला होतो, नाव सांगत नाही. तिथे शब्द कुठलाही असो, माणूस बघून ठरायचा. टपरीवाला 'बुडवा', डॉक्टर 'थकबाकीदार', माजी पदाधिकारी 'मान्यवर मिळकतदार'. हो, यादीत खरंच असं लिहिलेलं पाहिलंय. मार्च आला की हलगी घेऊन थकबाकीदाराच्या दारात वाजवायची, म्हणजे लाजेने भरेल. शिंपी, चहावाला, एक विधवा बाई, सगळ्यांच्या दारात वाजली. मोठ्या बंगल्याच्या कोपऱ्यावर आलो की साहेब घड्याळ बघायचे आणि हलगीवाल्याला म्हणायचे, तू दमलास, चहा घे. बाईंनी दुसऱ्या दिवशी कानातलं गहाण ठेवून भरले. ते अजून डोळ्यांसमोर आहे.

आता तुमच्या कामाचा शब्द देतो : बेबाकी. निवडणुकीचा अर्ज भरायचा तर पालिकेची थकबाकी नसल्याचा दाखला लागतो, त्याला आमच्याकडे 'बेबाकी' म्हणायचे. अर्जाच्या शेवटच्या दिवशी एका तासात वर्षानुवर्षांचे पैसे येतात, रोख. बेबाकी घेऊन माणूस हार घालून बाहेर. म्हणजे पैसे नव्हते असं नव्हतं.

जुळेसोलापूरकर :
बेबाकी! हिंदीत 'बेबाकी से बोलना' म्हणजे बेधडक. तोच शब्द का?

मोडीवाचक :
नाही. दोन वेगळे. आपला बे + बाकी, म्हणजे बाकी नसलेला. हिंदी-उर्दूतला बेबाक फारसी 'बाक' म्हणजे भीती, त्यावरून, निर्भय. योगायोगाने सारखे दिसतात.

कडकभाकरी :
पुढाऱ्यांच्या बाबतीत दोन्ही लागू आहेत. बाकी नाही म्हणून भीती नाही, की भीती नाही म्हणून बाकी, ते बघा.

वसुलीलिपिक :
आणि 'शास्ती'. वेळेत भरलं नाही तर महिन्याला दोन टक्के शास्ती, महापालिकांच्या कायद्यात हाच शब्द आहे. मग दर दोन-तीन वर्षांनी कुठे ना कुठे अभय योजना निघते आणि शास्ती माफ. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन भरले ते खिडकीशी येऊन विचारायचे, आमची गेलेली शास्ती परत मिळेल का? मी काय सांगणार.

यवतमाळची_सून :
'अभय' हा शब्द कुणी शोधला असेल? अभय संकटात सापडलेल्याला देतात. इथे संकट कुणावर आहे?

मोडीवाचक :
शास्ती हा उत्तम, जुना, संस्कृत शब्द. शास् धातू. 'शिक्षा'पेक्षा बरा. मुळात शिक्षा म्हणजे शिकणं, मराठीत तिला मार खाण्याचा अर्थ आहे.

नवीपेठ :
हिंदीतली शिक्षा पुढारीच देतात, संस्था त्यांच्या. मराठीतली शिक्षा त्यांना होत नाही.

अक्कलकोटचा :
सोलापूरने १९३० ला कर न भरायचंच ठरवलं होतं की, त्याला काय म्हणायचं? मार्शल लॉ लागला, चौघं फासावर गेले.

सनदीहिशेबी :
ती करबंदी. उघड सांगून न भरणं आणि परिणाम भोगणं. शिवाय सोलापुरात मे महिन्यात उसळलं ते गांधीजींच्या अटकेवरून, करावरून नव्हे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा फासावर गेले. चार हुतात्म्यांची गोष्ट या यादीत नका आणू.

अक्कलकोटचा :
मी तुलना नाही करलालो. शब्द विचारला.

वसुलीलिपिक :
एक दुरुस्ती, मी वर हलगी म्हणालो, पण आमच्याकडे डफडंही असायचं.

कडकभाकरी :
हलगी वेगळी, डफडं वेगळं. हलगी हाताला छोटी, आवाज कडक.

अक्कलकोटचा :
हलगी कन्नडमधून आलंय. हलगे म्हणजे फळी.

मोडीवाचक :
सिद्ध करा.

जुळेसोलापूरकर :
माझा मूळ प्रश्न कुणाला आठवतोय का? अंक उद्या छपाईला जातोय, 'आम्ही कर भरतो' असंच ठेवलंय. पण काल आईची जुनी जमाखर्चाची वही सापडली. तिच्या अक्षरात : "वाणी रु. ४२ चुकविले." आता बोला.

मोडीवाचक :
यावरून काय सिद्ध होतं? चुकविले म्हणजे दिले कशावरून? खरोखरच चुकविले असतील.

जुळेसोलापूरकर :
अहो, माझ्या आईबद्दल बोलताय तुम्ही. आणि न दिलेले पैसे कुणी खर्चात मांडतं का?

नवीपेठ :
वाद कशाला? किराणा कुठून भरायचात? नवी पेठेतून असेल तर साल सांगा. आमच्या वह्या माळ्यावर आहेत.