बियापासून लावायचा, जागेवरच फुटत राहणारा कांदा: कुणी लावलाय का?

लातूर_परसबाग
नमस्कार मंडळी. घरामागं दहा बाय सहाची जागा आहे. काळी माती, बोअरचं पाणी. सासूबाई सांगतात, त्यांच्या माहेरी औशाकडं न्हाणीच्या पाण्यावर कांद्याचा एक ठोंब होता. वर्षभर पात कापायची, ठोंब तिथंच. ऐनवेळी पाहुणे आले की बेसनात तीच पात. तसा कांदा लावायचाय, पण बियापासून. लेक चौथीत आहे, तिला बी रुजताना बघायचंय. बजेट ३०० रुपये, कुंडी-माती धरून. कुठलं बी घेऊ आणि कधी टाकू?

नांदेडचे_काका
बी कशाला? टोपलीतला मोड आलेला कांदा मातीत खुपसा. आठ दिवसांत पात. आमच्या मंडळींनी फुटक्या बादलीत लावलाय, खर्च शून्य.

गच्चीवाले_अण्णा
आधी शेडनेट घ्या. मी गच्चीवर नेट, ठिबक, टायमर, सगळं केलं. १४ हजार गेले, पण काम एक नंबर. चौथ्या महिन्यात वानरांनी नेट फाडलं ती गोष्ट वेगळी. टायमर अजून चालू आहे.

लातूर_परसबाग
अण्णा, बजेट ३०० आहे हो.

गच्चीवाले_अण्णा
टायमर एकटाही मिळतो.

बीडची_आत्या
बी घेताना जपून गं. मी किराणा दुकानातून 'कांद्याचं बी' म्हणून ५० ग्रॅम आणलं, गादीवाफा करून टाकलं. उगवलं तर शेपूसारखी बारीक नक्षीची पानं! पुढं फिकट निळी फुलं आली. ती निघाली कलौंजी. महिनाभर शेजारणीला कांदा म्हणून दाखवत होते.

मोंढ्यातला_माणूस
कलौंजी म्हणजे कांद्याचंच बी. आमच्या दुकानात बरणीवर तसंच लिहिलेलं आहे, वडलांच्या काळापासून.

बीडची_आत्या
मग वडलांच्या काळापासून चूक आहे. माझ्या वाफ्यात उगवलेलं सांगायले मी.

मास्तर_अंबाजोगाई
आत्याबाई बरोबर आहेत. कलौंजीचा आणि कांद्याचा काही संबंध नाही, कुळच वेगळं. दाणे दोन्ही काळे आणि कोनदार, म्हणून घोटाळा होतो. बोटात चुरडलं की कलौंजीला मसाल्याचा वास येतो.

आता मूळ प्रश्न. तुम्ही म्हणता त्या वर्णनाला दोन कांदे बसतात. एक, पातीचा कांदा. बियाच्या पाकिटावर 'बंचिंग अनियन' लिहिलेलं असतं. हा गड्डा धरत नाही, बुडातून फुटवे काढत राहतो. चीन-जपानात रोजच्या जेवणातला. बियापासून सहज येतो आणि ठोंब वर्षानुवर्षं राहतो. दुसरा, गुच्छाने येणारा बारीक कांदा, म्हणजे सांबारातला. एक गड्डी लावली की शेजारी चार-सहा होतात, पण ते काढून पुन्हा लावावे लागतात. सासूबाईंना विचारा: पात पूर्ण गोल होती की एका अंगाने चपटी? आपल्या नेहमीच्या कांद्याची पात बुडाशी एका बाजूने चपटी असते, पातीच्या कांद्याची गोल नळी.

नांदेडचे_काका
मोड आलेला कांदाही गोलच असतो.

उदगीरकर
भाच्याकडून अमेरिकेहून 'पोटॅटो अनियन'चं (तिकडचा गुच्छाने येणारा कांदा) बी मागवू नका, मी केलं ते करू नका. एक तर परदेशी बी आणायला प्लांट क्वारंटाइनची परवानगी लागते हे मला नंतर कळलं. दुसरं म्हणजे तिकडच्या बऱ्याच जातींना गड्डा धरायला चौदा तासांचा दिवस लागतो. आपल्याकडं जूनमधला सगळ्यात मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपास. दोन वर्षं नुसती पात खाल्ली.

परभणीचा_पाटील
पात खाल्ली ना, मग तक्रार काय?

परभणीचा_पाटील
आणि गुच्छाच्या कांद्याचं बी पाहिजे असेल तर कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाचा को-५ वाण बघा, त्याला फुलं येऊन बी धरतं. नाहीतर सांबार कांदा सहसा गड्ड्या लावूनच करतात. माझं मत विचाराल तर मॉलमधून पाव किलो सांबार कांदे आणा, ऑक्टोबरात लावा, विषय संपला.

जालनेकर_बियाणेवाला
आम्ही बियाण्यांच्या पेठेत वाढलो म्हणून सांगतो. कांद्याचं बी लवकर म्हातारं होतं, वर्ष उलटलं की निम्मंही उगवत नाही. पाकिटावरची तारीख बघा. रब्बीचं रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकायचं, आता आषाढात टाकाल तर काळ्या मातीत मर लागून रोप बुडातून लोळेल. आणि लोकहो, दुकानातला कांदा लावून डेंगळे (फुलाचे दांडे) आले, त्याचं बी धरलं, की संकराचं काय निघेल ते देव जाणे. मधमाशी गावभर फिरते.

नांदेडचे_काका
बी धरायचंच कशाला? मोड आलेला कांदा…

लातूर_परसबाग
सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "पात गोलच होती, शेंडा खुडून फुंकली की पिपाणी वाजायची." गड्डा नव्हता म्हणे, बुडाशी बोटाएवढी पांढरी दांडी.

मास्तर_अंबाजोगाई
पिपाणी कुठल्याही पातीची वाजते, पण गड्डा नव्हता म्हणजे पातीचा कांदाच असावा. बी अर्धा-एक सेंटीमीटरपेक्षा खोल नको. काळ्या मातीत थेट टाकू नका, वरची पापडी धरली की कोंब अडकतो. वाळू नि चाळलेलं शेणखत मिसळा. रोप पेन्सिलीएवढं झालं की मातीच्या वर दोन बोटं सोडून कापा, उपटू नका. डेंगळा दिसला की खुडा. ठोंब दाट झाला की हिवाळ्यात फोडून लावा. आणि मे महिन्यात दुपारची सावली हवी, नाहीतर ४२ अंशांत बसतो. बाकी जालनेकर म्हणतात तसं, ऑक्टोबरपर्यंत थांबा.

गच्चीवाले_अण्णा
सावलीसाठीच मी शेडनेट म्हणत होतो. कुणी ऐकेना.

बीडची_आत्या
थांबच गं. ऑक्टोबरपर्यंत.

परभणीचा_पाटील
ऑक्टोबर.

लातूर_परसबाग
सगळ्यांचे आभार. पातीच्या कांद्याचं पाकीट घेतलं, ८० रुपये. आणि थांबत नाहीये. बी वर्षभरच टिकतं म्हणता, मग निम्मं आत्ता टाकते, निम्मं घट्ट झाकणाच्या डबीत फ्रिजमधे. आत्ताचं वाफ्यात नाही, आइस्क्रीमच्या डब्याला बुडाला भोकं पाडून ओट्यावरच्या खिडकीत. पाणी बोअरचं नाही, पन्हाळीखालच्या बादलीतलं. लेकीला पण ऑक्टोबर म्हणजे काय ते कळत नाही.

जालनेकर_बियाणेवाला
मर लागली की सांगा.

लातूर_परसबाग
दहा दिवस झाले. चाळीस टाकले होते, त्यातले एकोणीस आले. सरळ वर येत नाहीत, दुमडलेल्या दोऱ्यासारखे येतात, शेंडा अजून मातीतच. लेकीला वाटलं वाकडे उगवलेत, म्हणून तिनं शाळेतून आल्यावर एकेक बोटानं सरळ केला. दोन तुटले. सतरा आहेत. कालपासून डब्याला "हात लाऊ नये" अशी चिठ्ठी चिकटवलीय, तिनंच.

मोंढ्यातला_माणूस
पानं शेपूसारखी आली का?

नांदेडचे_काका
मोड आलेला कांदा लावला असता तर एव्हाना एकदा कापून बेसनात पडली असती.