अनुभव धागा: गाडीचं ॲव्हरेज पडलं, तेव्हा कारण काय निघालं?

नमस्कार मंडळी. आमची पेट्रोल हॅचबॅक आहे, घरातले सगळे मिळून वापरतो. सातारा, कोरेगाव, वाई, कधीतरी पुणे. हायवेला १७-१८ देणारी गाडी दिवाळीनंतर १३ वर आली. गॅरेजमध्ये दाखवली तर इंजेक्टर साफ करा, थ्रॉटल बॉडी साफ करा, वर पेट्रोलमध्ये इंजिन साफ करायच्या औषधाची एक बाटली टाका, अशी यादी मिळाली. मला आधी कारण कळायला हवंय, खर्च नंतर. ज्यांनी आपल्या गाडीचं कारण शोधून काढलंय त्यांनी लिहा: लक्षण काय होतं, तपासलं कसं, निघालं काय. नुसतं "माझी २२ देते" लिहून कुणाला मदत होत नाही.

आकडा टाकी ते टाकी काढलेला द्या. नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं, ट्रिप मीटर शून्य करायचा. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटलाच थांबायचं. धावलेले किलोमीटर भागिले भरलेलं पेट्रोल. एका टाकीवर निष्कर्ष काढू नका. डॅशबोर्डवरचा आकडा बऱ्याच गाड्यांत चढाच दिसतो.

गॅरेजवाला, कराड
दादा, इंजिनाला हात लावायच्या आधी चाकं बघा. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवा, शेवटी मोकळ्या सपाट रस्त्यावर ब्रेक न मारता आपोआप थांबू द्या. उतरून चारी रिमजवळ हात न्या, चिकटवू नका, भाजेल. एक रिम बाकीच्यांपेक्षा जास्त तापली असेल तर ते चाक धरतंय. मग जॅक लावून चाक हाताने फिरवायचं. मोकळं चाक सहज फिरतं, धरलेलं लगेच थांबतं.

आपल्याकडे हे फार होतं. पावसाळाभर चिखलात गाड्या चालतात, ऊस सुरू झाला की रस्त्यावर माती पडते, ती कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिनांत जाऊन बसते. रबर बूट फाटलेला असला की पाणी आत, पिन गंजते आणि पॅड डिस्कला घासत राहतो. मागच्या ड्रमला हँडब्रेकची केबल अडकते, लायनर पूर्ण सुटतच नाही. चालवणाऱ्याला एवढंच वाटतं की पिकअप जरा कमी झालाय. पिना काढून घासायच्या, ब्रेकचंच ग्रीस लावायचं, साधं चालत नाही. यात ॲव्हरेज परत येतं आणि घाटात ब्रेक तापायचा धोकाही जातो.

शाहूपुरीकर
आमच्याकडे थर्मोस्टॅट निघाला, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. लक्षण अगदी बारीक होतं. तापमानाचा काटा मधोमध यायला हवा, तो हायवेलाही मध्याच्या खालीच राहायचा आणि खंबाटकी उतरताना आणखी खाली जायचा. हिवाळ्यात हीटर लावला तर कोमट वारा. थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता, कूलंट सतत रेडिएटरमधून फिरत होतं, इंजिन गरमच होत नव्हतं. इंजिन थंड आहे असं समजून संगणक पेट्रोल जास्त सोडत राहतो. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा एकदाही लागला नव्हता, म्हणून "दिवा नाही म्हणजे दोष नाही" यावर विसंबू नका. स्कॅनर लावून चालू गाडीत कूलंटचं तापमान बघायला सांगा, ८०-९० अंशांच्या आसपास टिकायला हवं.

आणि गाडी जर शाळा, मंडई, पोवई नाका एवढ्यातच फिरत असेल तर दोष नसतानाही ॲव्हरेज पडणार. दोन किलोमीटरमध्ये कुठलंच इंजिन धड तापत नाही. गावातली टाकी आणि हायवेची टाकी वेगळी लिहा, मगच तुलना होईल.

हवा नियमित तपासणारी, सांगली
हवा कमी असली तरी ॲव्हरेज पडतं. टायर थंड असताना हवा बघा, सकाळी घराजवळच्या पंपावर. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरचा, पंपवाल्या मुलाच्या अंदाजाचा नाही. पाच माणसं आणि सामान असेल तर त्याच स्टिकरवर वेगळा आकडा दिलेला असतो.

विट्याहून
इथेनॉलबद्दल कुणीतरी लिहिणारच, म्हणून हिशोबच देतो. लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवून ई-१० (१० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) साठी जुळवलेल्या चारचाकीला ई-२० (२० टक्के इथेनॉल) वर ६ ते ७ टक्के फटका बसेल असा अंदाज आहे. ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या गाडीला १ ते २ टक्के. म्हणजे १८ ची १७ होईल. १८ ची १३ झाली असेल तर पेट्रोलला दोष देऊन थांबू नका, गाडीत दुसरं काहीतरी आहे. इथेनॉल आपल्या भागातल्या साखर कारखान्यांतूनही निघतं, त्यामुळे चर्चा लगेच तिकडे वळते आणि जाम झालेला ब्रेक तसाच राहतो.

मेढा
केळघर घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचतं असं अजूनही सांगितलं जातं. कृपया करू नका. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना पाय पूर्ण काढला की इंजेक्टर पेट्रोल सोडायचंच थांबवतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, वर सगळा भार ब्रेकवर. यवतेश्वर, पसरणी, कुठलाही घाट असो, दुसऱ्या-तिसऱ्यात उतरा.

धागाकर्ता
कराडच्या दादांचे मनापासून आभार. मागची डावी रिम खरंच तापत होती. हँडब्रेकची केबल आत गंजलेली निघाली, बदलली. त्यानंतरच्या टाक्यांचं ॲव्हरेज १६ च्या वर आहे. बाटली टाकलेली नाही. उरलेल्या फरकासाठी छतावरचं कॅरियर उतरवलंय. गणपतीला गावी जाताना लावलं होतं ते तसंच होतं, आणि हायवेच्या वेगाला रिकामं कॅरियरसुद्धा वारा धरतं.

फलटणच्या वहिनी
डिझेलवाल्यांसाठी. आमची २०२० नंतरची बीएस-६ आहे. हे कामाला दुसऱ्या गाडीने जातात, ही मी गावातच चालवते. धुराच्या फिल्टरमध्ये काजळी साठली की ती जाळायला गाडी जादा डिझेल सोडते. त्यासाठी एक्झॉस्ट बराच वेळ गरम राहावा लागतो. गावात ते काम अर्धवट राहतं आणि पुन्हा पुन्हा सुरू होतं. ऑइलची काठी बघा, पातळी वाढलेली दिसली तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय, ऑइल बदलायला हवं. आता मी अधूनमधून लोणंदपर्यंत एका दमात चालवून आणते, फरक पडलाय.

उंब्रजकर
माझ्या केसमध्ये गाडी तेवढंच पेट्रोल खात होती, चुकत होता मीटर. आधीच्या मालकाने १८५/६५ आर १५ काढून २०५/६५ आर १५ टायर टाकले होते. नव्या टायरचा घेर सुमारे ४ टक्के मोठा, म्हणजे चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं आणि मीटर कमी नोंदवतो. हायवेच्या किलोमीटरच्या दगडांवर पडताळून पाहिलं: ५० किलोमीटरला मीटर ४८ दाखवत होता. रुंद टायरचा थोडा जादा ओढा असतोच, पण पडलेल्या ॲव्हरेजचा मोठा भाग कागदावरचाच होता. स्पीडोमीटरही त्याच हिशोबात कमी दाखवतो, हे कॅमेऱ्याखालून जाताना लक्षात ठेवा. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर टायरवरचा आकडा आणि दाराच्या स्टिकरवरचा आकडा जुळतोय का, आजच बघा.