बोर्डाने फाइल मागितलीय, पण पेशंटची सही नाही

एडिसनची_मावशी: न्यू जर्सीत एका छोट्या क्लिनिकचं ऑफिस सांभाळते. काल राज्याच्या वैद्यकीय बोर्डाचं पत्र आलं: एका आजींची अख्खी फाइल पाठवा. तक्रार त्यांच्या सुनेची. आजींच्या संमतीचा कागद नाही. डॉक्टर म्हणतात, देऊन टाक. मला हिपाची, म्हणजे पेशंटची माहिती गुप्त ठेवायच्या अमेरिकी कायद्याची धास्ती. पत्र कालपासून कीबोर्डखाली दडवलंय.

कोडिंगवाला: देता येते. १९९६च्या हिपाखालच्या प्रायव्हसी नियमात देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणांना सहीशिवाय माहिती द्यायची मुभा आहे, आणि लायसन्स बोर्ड त्यातच येतं. गंमत अशी की हिपा नुसतं 'देऊ शकता' म्हणतो. 'द्याच' म्हणतं ते राज्य. तुमच्याकडे चौकशीला सहकार्य करणं लायसन्सधारकाला बंधनकारक आहे, टाळाटाळीचा ठपका वेगळा. काय, कधी, कुणाला पाठवलं ते लिहून ठेवा. मागच्या ६ वर्षांचा हिशेब पेशंट मागू शकतो.

फ्रिमाँटकर: आमच्या कॅलिफोर्नियात राज्यघटनेतच प्रायव्हसीचा हक्क आहे. त्यामुळे बोर्डाचा माणूस पेशंटची सही तरी आणतो, नाहीतर सबपीना, म्हणजे कागद हजर करायचा कायदेशीर हुकूम. राज्याचा नियम हिपापेक्षा कडक असेल, तर तोच चालतो.

कोडिंगवाला: आणि मावशी, व्यसनमुक्ती केंद्राकडून आलेले कागद आहेत का फाइलीत? त्यांना ४२ सीएफआर भाग २ लागतो, म्हणजे व्यसनोपचाराच्या नोंदींसाठीचा वेगळा केंद्रीय नियम. सरसकट गठ्ठ्यात घालू नका.

एडिसनची_मावशी: अगं बाई, आहेत! दोन पानं, मुलाच्या नावाची, चुकून आजींच्या फाइलीत लावलेली. बाजूला काढली. आता आधी वकिलांना फोन.