सुरुवातीलाच परत परत जातंय, पुढचा चान्स कधी घ्यायचा?

आशा_अजून_आहे:

नमस्कार, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहितेय. माझं वय ३३, नवरा ३६. दिवस राहायला आम्हाला फार वेळ लागत नाही, प्रॉब्लेम पुढे आहे. पाळीच्या तारखेच्या आसपास टेस्ट पॉझिटिव्ह येते, लाईन फिकट असते पण असते, मग मी रोज नवीन किट काढून ती डार्क होतेय का ते बघत बसते आणि चार-सहा दिवसांत ती पुसट होत जाते आणि मग ब्लीडिंग. आता तिसऱ्यांदा झालं. एकदाही सोनोग्राफीपर्यंत गेलोच नाही, त्यामुळे कोणाला दाखवायला काही नाही, आणि दाखवायला काही नसलं की रडायलाही परवानगी नसते बहुतेक. जाऊबाई म्हणाल्या तू लवकर टेस्ट करतेस म्हणून तुला कळतं, नाहीतर पाळी थोडी उशिरा आली एवढंच वाटलं असतं. वाईट मनाने नाही म्हणाल्या, पण लागलं.

डॉक्टर म्हणतात केमिकल प्रेग्नन्सी आहे, म्हणजे फक्त टेस्टवर कळून लगेच गेलेली, मिसकॅरेज म्हणून मोजत नाही, टेन्शन घेऊ नका, पुढच्या महिन्यात परत ट्राय करा. नवऱ्याचं म्हणणं सहा महिने थांबू, शरीराला विश्रांती देऊ. मला दोन्ही पटत नाही. थांबायची पण भीती आणि परत टेस्ट करायची पण भीती. तपासण्या काय करायच्या, की खरंच काही करू नये? आणि प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं हार्मोन, स्वतःहून मागून घ्यावं का? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा.

गॅलरीतली_तुळस:

आधी हे की तुझ्या रडण्याला सोनोग्राफीचा कागद लागत नाही. हे एकदा सांगून पुढे जाते, कारण तू माहिती विचारली आहेस.

"मोजत नाही" हे अर्धंच खरं आहे. युरोपातल्या तज्ज्ञांची जी संस्था आहे, एश्रे, तिच्या गाईडलाईनमध्ये दोन किंवा जास्त वेळा गेलं की तपासणीचा विचार करा असं आहे आणि त्यात फक्त टेस्टवर कळलेल्या प्रेग्नन्सीसुद्धा धरतात. अमेरिकेतली संस्था पण दोनच म्हणते, पण ती सोनोग्राफीत दिसलेल्या किंवा टिश्यू तपासून सिद्ध झालेल्याच धरते. ब्रिटनमध्ये साधारण तीन झाल्यावर तपासा म्हणतात. म्हणजे केस तीच आणि डॉक्टरने कुठलं पुस्तक उघडलंय त्यावर तुझं "मोजायचं की नाही" ठरणार. तुझे डॉक्टर खोटं बोलले नाहीत, पण तीन झाल्यावर "मला बेसिक तपासण्या करून घ्यायच्या आहेत" म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. नाही म्हणाले तर दुसरं मत घे, त्यात कोणाचा अपमान होत नाही.

आणि जाऊबाईंचं म्हणणं आकड्यात चुकीचं नाहीये, म्हणूनच जास्त लागतं ना? १९८८ साली एक अभ्यास छापून आला होता, २२१ बायकांची लघवी रोज तपासली होती, त्यात राहिलेल्या प्रेग्नन्सींपैकी २२ टक्के कळायच्या आतच गेल्या. म्हणजे एकदा होणं खूप कॉमन आहे आणि बहुतेक वेळा त्या गर्भाच्या गुणसूत्रांतच गडबड असते, तुमच्या दोघांत काही दोष असतो असं नाही. पण एकदा कॉमन आहे म्हणून तीनदा झालेलं बघायचंच नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

स्लाईड_खाली_ठेवा:

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही, पण त्या किटबद्दल लिहितेच कारण रोज कोणीतरी फोटो घेऊन येतं. ताई, लाईन किती डार्क यावरून काहीही ठरवू नका. सकाळची लघवी दाट असते दुपारची पातळ, कंपनी बदलली की किटमधला रंग बदलतो, एकाच पाकिटातल्या दोन किट पण सारख्या येत नाहीत. किट लघवीतलं एचसीजी, म्हणजे प्रेग्नन्सीचं हार्मोन, पकडते, काही किट त्याची पातळी २५ झाली की पॉझिटिव्ह दाखवतात काही १० लाच दाखवतात, त्यामुळे ज्या बाईने जास्त सेन्सिटिव्ह किट वापरली तिला लवकर कळणार आणि जाणारंही जास्त वेळा दिसणार.

बघायचंच असेल तर रक्तातलं तेच हार्मोन, बीटा एचसीजी, ४८ तासांच्या अंतराने दोनदा आणि दोन्ही वेळा एकाच लॅबमध्ये. लोक म्हणतात डबल झालंच पाहिजे, तसं नाहीये. पहिला आकडा १५०० च्या आत असेल तर दोन दिवसांत निदान ४९ टक्के वाढला तरी डॉक्टर तो चालण्यासारखा धरतात. त्याहून हळू वाढला किंवा उतरला तर बहुतेक टिकत नाही. आणि प्रामाणिकपणे सांगते, हा आकडा कळल्याने जाणारी प्रेग्नन्सी थांबत नाही. आमच्याकडे एक बाई एक दिवसाआड यायच्या आणि रिपोर्ट हातात पडेपर्यंत जेवायच्या नाहीत, मला त्यांना नको या म्हणावंसं वाटायचं.

एकच गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. आकडा हळूहळू वाढतोय, नीट उतरतही नाही, आणि एका बाजूला पोटात दुखतंय, खांद्यात दुखतंय, चक्कर येतेय असं झालं तर नेहमीसारखीच जातेय असं समजून घरी बसू नका. ट्यूबमध्ये राहिलेली असू शकते, त्याच क्षणी हॉस्पिटल. ज्यांचं दोनतीनदा आपोआप गेलंय ना, त्याच बायका उशिरा येतात, सवय झाल्यासारखं होतं म्हणून.

उशिराची_गाडी:

माझं आणि तुझं जवळपास सेम होतं म्हणून सविस्तर लिहिते. मला पण पुढच्या महिन्यात ट्राय करा असंच ऐकायला मिळायचं, शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी फार मोठी यादी दिली नाही हेच मला आवडलं. थायरॉईडचं टीएसएच आणि अँटीबॉडी, शुगरचं एचबीएवनसी, गर्भपिशवीचा आकार बघायला थ्रीडी सोनोग्राफी कारण कधीकधी पिशवीत मधोमध पडदा असतो, आणि मुख्य म्हणजे अँटीफॉस्फोलिपिड, म्हणजे रक्तात गुठळ्या करू शकणाऱ्या अँटीबॉडींची टेस्ट, ज्यात तीन गोष्टी असतात, ल्युपस अँटिकोआगुलंट, अँटीकार्डिओलिपिन आणि बीटा टू ग्लायकोप्रोटीन. ते तीन पूर्ण करून घे, बऱ्याच ठिकाणी एकच करतात आणि निगेटिव्ह म्हणून सोडून देतात.

माझं ते पॉझिटिव्ह आलं. पण एकदा आलं म्हणजे झालं असं नाही, १२ आठवड्यांनी परत करायचं असतं आणि तेव्हाही आलं तरच नाव लागतं, कारण साधा ताप सर्दी झाली तरी थोडे दिवस वर जाऊ शकतं. ते १२ आठवडे माझ्यासाठी सगळ्यात वाईट होते, थांबायचं कळत होतं पण कळून उपयोग काय. मग पुढच्या वेळी टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासून लो डोस ऍस्पिरिन आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपारिनचं इंजेक्शन, पोटाच्या चरबीत रोज स्वतः टोचायचं. पहिल्या आठवड्यात नवऱ्याचे हात माझ्यापेक्षा जास्त थरथरायचे. १९९७ मध्ये या दोघांची एकत्र तुलना नुसत्या ऍस्पिरिनशी झाली होती, ७१ टक्के विरुद्ध ४२ टक्के अशी बाळं जन्माला आली होती, माझ्या डॉक्टरांनी तो आकडा कागदावर लिहून दिला होता. माझी मुलगी आता शाळेत जाते.

पण कृपया हे वाचून ज्यांची टेस्टच झाली नाही त्यांनी इंजेक्शनं मागू नयेत. कारण नसताना दिलेल्या ऍस्पिरिन हेपारिनने फायदा होत नाही असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. तसंच एनके सेल या रोगप्रतिकारक पेशींची टेस्ट, नवऱ्याच्या रक्तातल्या पेशींची इम्युनोथेरपी, इंट्रालिपिडची सलाईन, यातलं काही कोणी महागडं पॅकेज म्हणून समोर ठेवलं तर आधी विचार, कुठल्या गाईडलाईनमध्ये हे करा म्हटलंय ते दाखवा. माझ्यासमोर ठेवलं होतं. दुःखात माणूस कशालाही हो म्हणतं आणि हे काही लोकांना चांगलं माहीत असतं.

गॅलरीतली_तुळस:

वरच्या सगळ्याला दुजोरा. फक्त प्रोजेस्टेरॉनचं राहिलं म्हणून परत आले. २०१५ मध्ये प्रॉमिस नावाची मोठी ट्रायल झाली, कारण न सापडलेल्या, वारंवार गेलेल्या बायकांना पॉझिटिव्ह टेस्टपासून प्रोजेस्टेरॉन दिलं, दिलेल्यांत ६५.८ टक्के आणि न दिलेल्यांत ६३.३ टक्के बाळं जन्मली, म्हणजे फरक नाहीच्या जवळ. (न दिलेल्यांतही ६३ टक्के! हे वाक्य मला कोणीतरी तेव्हा सांगायला हवं होतं.) मग २०१९ मध्ये प्रिझम झाली, त्यात ज्यांना आधी मिसकॅरेज झालंय आणि आता ब्लीडिंग होतंय त्यांना उपयोग होऊ शकतो असं दिसलं, आधीची मिसकॅरेज जितकी जास्त तितका जास्त. म्हणून ब्रिटनमध्ये २०२१ पासून सोनोग्राफीत प्रेग्नन्सी गर्भपिशवीतच आहे हे दिसलं, आधी मिसकॅरेज झालंय आणि आता ब्लीडिंग होतंय, अशांना ते देतात. तुझ्या केसमध्ये सोनोग्राफीच्या आधीच जातंय, तिथे पक्का पुरावा नाही. डॉक्टरांनी दिलं तर बहुतेक नुकसानही नाही, पण ते न घेतल्यामुळे गेलं असं मनात घेऊ नकोस.

बाबा_होणार_बहुतेक:

पुरुषाने लिहिलं तर चालेल ना. तपासण्यांच्या यादीत नवऱ्याचं नाव अजून आलंच नाही म्हणून लिहितो. आमच्याकडेही सगळ्या सुया बायकोलाच टोचल्या आणि माझं फक्त काउंट नॉर्मल आहे म्हणून फाईल बंद. काउंट नॉर्मल असूनही शुक्राणूंमधला डीएनए तुटका असू शकतो, त्याची वेगळी टेस्ट असते, डीएनए फ्रॅगमेंटेशन. ती सगळ्यांनी करावीच असं कोणी म्हणत नाही, एश्रेवाले पण कारण शोधायला करू शकता एवढंच म्हणतात, पण सिगरेट, दारू, वाढलेलं वजन, मांडीवर तासन्‌तास लॅपटॉप हे सोडायला टेस्टची वाट कशाला बघायची. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच तीन महिने लागतात, म्हणजे आज सोडलं तर फरक तेव्हा दिसणार. दोघांची कॅरिओटाईप म्हणून गुणसूत्रं बघायची रक्ताची टेस्ट असते तेही विचारा, थोड्या जोडप्यांत एकाच्या गुणसूत्राचे तुकडे जागा बदललेले असतात, स्वतःला काहीच त्रास नसतो.

आणि तुमचे मिस्टर सहा महिने थांबू म्हणतात ना, मीही म्हणालो होतो. खरं कारण बायकोच्या शरीराची विश्रांती नव्हतं, मलाच परत ते बघायचं नव्हतं. त्यांना एकदा शांतपणे विचारा. कदाचित त्यांचंही तेच असेल.

आशा_अजून_आहे:

सगळ्यांचे खूप आभार. शेवटचा रिप्लाय नवऱ्याला वाचायला दिला, तो काहीच बोलला नाही आणि मग बराच वेळ बोलला. बाकी रात्री लिहीन. दोनच प्रश्न राहिले, सहा महिने थांबायची मेडिकली गरज आहे का, आणि तपासण्या आत्ताच करू का?

उशिराची_गाडी:

सहा महिन्यांचा सल्ला डब्ल्यूएचओचा २००५ चा आहे. नंतरच्या अभ्यासांत तो टिकला नाही, २०१६ मध्ये आलेल्या एकात तर तीन महिन्यांच्या आत ट्राय करणाऱ्यांत बाळ जन्मण्याचं प्रमाण उलट जास्त दिसलं. तो अभ्यास एक-दोनदाच गेलेल्या बायकांवर होता, त्यामुळे घाई केली की होतं असा अर्थ काढू नकोस, फक्त थांबलं नाही म्हणून बिघडतं ही भीती काढून टाक. एक पाळी नीट येऊ दे म्हणजे तारखा मोजायला सोपं जातं, एवढंच.

पण तुझ्या बाबतीत मी थोडी थांबेन, शरीरासाठी नाही, रक्तासाठी. अँटीफॉस्फोलिपिड गेल्या गेल्या लगेच करत नाहीत, साधारण सहा आठवडे जाऊ देतात नाहीतर रिपोर्ट गोंधळात टाकतो. थायरॉईड, शुगर, पिशवीची सोनोग्राफी तोवर होऊन जाईल. त्या काळात फॉलिक ऍसिड चालू ठेव, डोस डॉक्टरांना विचारून. जर पॉझिटिव्ह आलं तर मात्र पुढच्या वेळी लवकर टेस्ट करावीच लागेल कारण औषध तिथूनच सुरू होतं, आणि सगळं नॉर्मल आलं तर किट पाळीची तारीख उलटून गेल्याशिवाय घरात आणूच नकोस, नवऱ्याकडे ठेवायला दे हवं तर.

स्लाईड_खाली_ठेवा:

आणि ब्लड ग्रुप माहीत आहे का? निगेटिव्ह असेल आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तर अँटी डीचं इंजेक्शन लागतं का हे डॉक्टरांना विचारा. इतक्या लवकर गेल्यावर बऱ्याच ठिकाणी देत नाहीत, पण फाईलवर लिहिलेलं असू दे.

आशा_अजून_आहे:

मी ओ पॉझिटिव्ह. दुसऱ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यातली घेतली, नवरा पण येतोय, त्याची फाईल वेगळी काढायला सांगितलीये. किट त्याने सकाळीच कुठेतरी लपवून ठेवल्यात.