मुठेत कोळंबीचे बीज सोडून नदी स्वच्छ होईल का?

मुठाकाठचा रहिवासी:
काल येथे एका सदस्याने लिहिले की कोळंबी कुजलेले खाते, म्हणून तिचे बीज, म्हणजे पिल्ले, मुठेत सोडावे. कोळंबी कुजकी पाने, त्यांवरील जिवाणू व शेवाळ खाते, हे खरे. परंतु तिला विरघळलेला प्राणवायू लागतो आणि मैलापाणी कुजताना नेमका तोच संपतो. शिवाय शेततळ्यांत पाळतात त्या मोठ्या कोळंबीच्या अळ्या मचूळ, म्हणजे खाडीसारख्या निमखाऱ्या, पाण्याशिवाय वाढत नाहीत. मुठेचे पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते आणि वाटेत उजनी, श्रीशैलम, नागार्जुनसागर ही धरणे आहेत. कोणती मादी खाडी गाठणार?

कोथरूडकर:
सूचना माझी होती. पोर्तो रिकोतील लुकियो डोंगरातील ओढ्यांत ज्या दगडांपासून कोळंबीला दूर ठेवले, त्यांवर गाळ साचला, तिचा वावर असलेले दगड स्वच्छ राहिले. हा अभ्यास आपण सोयीस्कर टाळलात.

मुठाकाठचा रहिवासी:
ते ओढे जंगलातले आहेत, त्यांत शहराचा मैला नाही. अमेरिकेतील फ्लॅटहेड तलावाचे काय झाले, तेही वाचा. माशांना खाद्य मिळावे म्हणून वरच्या तलावांत सोडलेला मायसिस हा कोळंबीसारखा जीव १९८१ मध्ये तेथे पोहोचला. त्याने माशांचेच सूक्ष्म खाद्य फस्त केले, आणि दिवसा तो तळाशी राहत असल्याने माशांच्या तोंडी लागला नाही. तेथील कोकॅनी जातीचे साल्मन मासे दशकभरात संपले आणि त्यांवर जगणारे गरुडही निघून गेले.

श्रीवर्धनची लेक:
नदीवर एवढे भांडता, मग समुद्रातल्या जवळ्याकडे, त्या इवल्याशा कोळंबीकडेही पाहा. पाण्यातील सूक्ष्म अन्न बोंबलापर्यंत पोहोचवणारा तोच दुवा आहे. माझे वडील डोल, म्हणजे समुद्रात रोवलेले पिशवीसारखे जाळे, लावत. जवळा दिसला की बोंबील येणार, हे घरात सर्वांना ठाऊक असे. तोच जवळा कोंबड्यांच्या खाद्यात जातो, याचा मला संताप येतो.

कोथरूडकर:
जवळा अल्पायुषी आहे, त्याची भरपाई लवकर होते. यात संतापण्याजोगे काय?

श्रीवर्धनची लेक:
भरपाई होते, हे नाइलाजाने मान्य. परंतु डोलीच्या बारीक आसात (जाळ्याच्या छिद्रांत) जवळ्यासोबत इतर माशांची पिल्लेही मरतात, त्यांची भरपाई कोण करणार? ताटातल्या सुकटीपलीकडे आपण पुणेकर काही पाहतच नाही!

मुठाकाठचा रहिवासी:
ताई, मुद्दा रास्त आहे, त्यासाठी वेगळा धागा काढावा. कोथरूडकर, बीज सोडण्याची सूचना मागे घेता की नाही?

कोथरूडकर:
मुठेपुरती घेतो. खडकवासल्याच्या वरच्या ओढ्यांतील स्थानिक झिंग्यांची पाहणी मात्र व्हायलाच हवी.