रेग सॉन्डर्स: गौरव झाला, जमिनीचं काय?

पायवाट (धागाकर्ता)
२५ एप्रिलला, अँझॅक दिनाला (अँझॅक म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे सैनिक, त्यांचा हा स्मृतिदिन), ऑस्ट्रेलियात कॅप्टन रेग सॉन्डर्स यांची आठवण निघते. व्हिक्टोरियातल्या गुंडिचमारा या आदिवासी समाजातला माणूस, जन्म १९२०. १९४० साली सैन्यात भरती. ग्रीसचं क्रीट बेट जर्मनांच्या हाती गेल्यावर गावकऱ्यांच्या आसऱ्याने जवळपास वर्षभर लपून राहिले आणि निसटले. धाकटा भाऊ हॅरी १९४२ मध्ये न्यू गिनीत मारला गेला, पुढे स्वतः रेगही तिथेच लढले. १९४४ मध्ये लेफ्टनंट झाले. ऑस्ट्रेलियन सैन्यातले ते पहिले आदिवासी अधिकारी.

माझं मत स्पष्ट आहे: हा गौरव सरकारला फार स्वस्तात पडतो. युद्ध संपल्यावर जपानमध्ये ठेवायच्या फौजेत जायची त्यांची तयारी होती, पण तिथे आदिवासींना मज्जाव. गोऱ्या जवानांना हुकूम देणारा अधिकारी अचानक नकोसा का झाला?

सह्यकडा
असहमत. तुम्ही त्यांना नुसतं बिचारं करून टाकताय. मज्जाव झाला तरी कोरियाचं युद्ध पेटल्यावर हाच माणूस परत गणवेश चढवून गेला. एप्रिल १९५१, कोरियातली काप्योंगची लढाई. ऑस्ट्रेलियाच्या थर्ड बटालियनच्या सी कंपनीचे कमांडर सॉन्डर्स. रात्रभर चिनी हल्ले, दुसऱ्या दिवशी डोंगरधारेवरून लढत लढत माघार, आणि उजाडलं ते अँझॅक दिनाला. आता कुठे आपण खरे अँझॅक झालो असं वाटलं, असं ते पुढे सांगत. हे कुणी त्यांच्याकडून वदवून घेतलं नव्हतं.

(अवांतर: ही बटालियन ज्या ब्रिगेडमध्ये होती तिच्या जखमींची सेवा आपल्या भारतीय सैन्याची वैद्यकीय तुकडी, ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स, करत होती. आपल्याकडे हे किती जणांना माहीत आहे?)

तिखटमीठ
शौर्याबद्दल वाद कोण घालतंय? मुद्दा घरी काय मिळालं हा आहे. सॉन्डर्स आजीकडे वाढले ते लेक कोंडा मिशनच्या, म्हणजे मिशनऱ्यांनी वसवलेल्या आदिवासी वस्तीच्या परिसरात. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली आदिवासींसाठी राखीव जमीन तुकडे पाडून परतलेल्या सैनिकांना दिली, म्हणजे गोऱ्या सैनिकांना. त्याच भागातल्या लव्हेट या आदिवासी घराण्यातले पाच भाऊ पहिल्या महायुद्धात लढून पाचही जिवंत परतले, त्यातले चौघे दुसऱ्या युद्धात पुन्हा भरती झाले. हर्बर्ट लव्हेटनी जमिनीसाठी अर्ज केला. नामंजूर! आपल्याच पूर्वजांची जमीन, शिवाय दोन युद्धांची चाकरी, तरी नामंजूर. पुढे कॅनबेरात एका इमारतीला लव्हेटांचं नाव दिलं. पाटीवर नाव घालायला काय जातं?

जुना_बारगीर
आपल्याकडेही हेच. १८९०च्या दशकात महारांची भरती बंद केली, आणि गरज पडल्यावर १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी केली. इंग्रजांची रीत सगळीकडे एकच.

सह्यकडा
@जुना_बारगीर, तुलना थोडी ओढूनताणून वाटते. सॉन्डर्स वेगळ्या पलटणीत नव्हते. गोऱ्यांच्याच बटालियनमध्ये शिपाई, सार्जंट आणि मग अधिकारी, असे चढत गेले. फौजेत माणसाची पारख झाली, एवढं तरी मान्य करा.

तिखटमीठ
एकाची झाली. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीमधल्या टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटकऱ्यांची मात्र वेगळीच बटालियन होती. पगार गोऱ्या सैनिकाच्या एक तृतीयांश. १९४३ च्या अखेरीस त्यांनी काम बंद केलं तेव्हा कुठे तो दोन तृतीयांश झाला. थकबाकी मिळायला १९८०चं दशक उजाडलं. यात पारख कुठे दिसते?

ओसरी
दोघेही १९५१ पाशीच अडकलात. १९५४ मध्ये त्यांनी सैन्य सोडलं, पोटासाठी मिळेल ते काम केलं. १९६९ पासून सरकारच्या आदिवासी विभागात संपर्क अधिकारी होते. मला हा काळ जास्त मोलाचा वाटतो. सरकार आणि वस्ती, दोन्हीकडून बोलणी खायची जागा ती! लढाईच्या गोष्टीला टाळ्या मिळतात, हे काम कुणाच्या लक्षातही राहत नाही.

पायवाट
@ओसरी, पटलं. पण त्या खुर्चीत बसून जमिनीचा निर्णय त्यांच्या हातात होता का? १९७१ मध्ये एमबीई हा ब्रिटिश किताब मिळाला, १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या, वॉर मेमोरियलच्या मंडळावर घेतलं. लेक कोंडाची मिशनची जागा कायद्याने परत मिळाली १९८७ मध्ये. सॉन्डर्स १९९० मध्ये गेले.

सह्यकडा
म्हणजे त्यांच्या हयातीत मिळाली ना?

तिखटमीठ
मिशनची मिळाली. सैनिकांना वाटलेली शेतं गोऱ्यांकडेच राहिली.